बिघडलेला फोटो

अकाइतीला निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या धाकट्या भावाची ती बायको. अठरा वर्षं आमची दोन घरं एकाच आवारात आहेत, म्हणजे हे मी ऐकीव सांगत नाही. ती जेवते उभ्याने. नारळ खवायला खवणीवर बसावंच लागतं, पण तेव्हाही तिचा एक पाय हलत असतो. सकाळी अंगण झाडून ती गेस्ट हाऊसवर चादरी बदलायला जाते आणि परत आली की तेच अंगण पुन्हा झाडते. भाऊ म्हणतो, हिच्या पायाला भिंगरी आहे. मी म्हणतो, भिंगरी तरी कधीतरी थांबते.

या वर्षी मात्र ती फारच सैरभैर झाली होती. कारण होतं तिच्या आईच्या थडग्याचा दगड.

तिची आई तुआइने दुसऱ्या बाळंतपणात गेली. तेव्हा अकाइती तीन वर्षांची होती. मावशीने तिला वाढवलं. आमच्याकडे माणसं घराच्या अंगणातच पुरतात. तुआइने मावशीच्याच अंगणात, आजीच्या शेजारी, नुसत्या सिमेंटच्या ओट्याखाली सदतीस वर्षं पडून होती. शेवटी ऑकलंडच्या मावसभावंडांनी मिळून काळा दगड बोटीने पाठवला. त्यावर नाव कोरलेलं, तारखा कोरलेल्या, आणि वर एक लांबट गोल कोरा सोडलेला. आमच्या आयतुताकी बेटावर थडग्याच्या दगडावर माणसाचा चेहरा असतोच, येताजाता त्याच्याशी बोलता येतं. फोटो त्या आठवड्यातल्या शनिवारच्या विमानाने ऑकलंडला गेला, तरच तो चिनी मातीवर भाजून दगडाच्या अनावरणाच्या ऑगस्टमधल्या समारंभाआधी परत येणार होता.

आणि तुआइनेचा एकही फोटो नव्हता. ती गेली त्याच्या पुढच्याच वर्षी वादळाने घर, पेटी, भिंतीवरच्या तसबिरी, सगळं समुद्रात नेलं. अकाइतीला आईचा चेहरा आठवत नाही. "बाकी सगळं राहू दे हो भावजी," ती एकदा मला म्हणाली, "पण नाक कसं होतं, एवढंही मला माहीत नाही."

त्याच आठवड्यात, सोमवारी, खोकं आलं. वर लिहिलं होतं, 'मुख्याध्यापक, शाळा, आयतुताकी.' मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पोस्टवाल्याच्या लेखी मुख्याध्यापक मीच. ऑस्ट्रियातल्या एका बाईने पत्र लिहिलं होतं. तिचे आईवडील ऐन तारुण्यात इथल्या गेस्ट हाऊसवर महिनाभर राहिले होते. आता वडील वारले, घर आवरताना हे फोटो सापडले आणि फेकवेनात. मागच्या बाजूला वडिलांचं अक्षर होतं. प्रत्येक फोटोला तिने इंग्रजी अर्थाची चिठ्ठी लावली होती.

तेव्हा बेटावर गेस्ट हाऊस एकच होतं आणि तुआइने तिथेच कामाला होती. खोक्याची बातमी अकाइतीला कोणी दिली देव जाणे. मी सुतळी सोडेपर्यंत तिची स्कूटर दारात.

शंभरावर फोटो होते. समुद्र. समुद्र आणि सूर्यास्त. समुद्र आणि बायको. एकाच खेकड्याचे तीन. चिठ्ठीवर 'स्वर्ग', दुसऱ्या चिठ्ठीवर 'पुन्हा स्वर्ग'. स्वर्गात राहणाऱ्यांचं मात्र या गृहस्थाला वावडं असावं. एका कोळ्याची पाठ होती, चर्चला निघालेल्या बायकांच्या टोप्या होत्या लांबून. एका फोटोत टेबलावर पपईची बशी ठेवणारा हात होता, मनगटाशी कापलेला. त्या हाताकडे अकाइती किती वेळ बघत राहिली.

"भावजी, हा आईचा असेल?"

"हात आहे. कोणाचाही असेल."

तिने टेबलावर थाप मारली. "हो म्हणायला तुमचं काय जातं हो?"

खरंच, काय गेलं असतं? मला त्या उत्तराची अजून लाज वाटते.

ती गेल्यावर मी फोटो लावून ठेवले. हललेले, तिरके, बोट आडवं आलेले असे सात फोटो बाजूला काढून बिस्किटाच्या डब्यात टाकले. जन्मभर पेपर तपासलेत. नापास वेगळे काढायची सवय जात नाही.

पुढचे चार दिवस तिने आम्हा सगळ्यांचा जीव खाल्ला. कामाआधी यायची, कामानंतर यायची, भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू. अंगण तर इतकं झाडलं की कोंबड्या वैतागल्या. गुरुवारी ऑकलंडहून तिच्या मावसभावाचा, टेरेचा, फोन आला. "तू आईसारखीच दिसतेस असं सगळे म्हणतात. तुझाच फोटो पाठव. कोणाला कळणार आहे?"

मलाही ते पटलं आणि मी तसं बोललो. मग काय, माझी खैर नव्हती.

"माझं तोंड थडग्यावर? मी अजून मेले नाहीये, भावजी! आणि रविवारी मी फुलं कोणापुढे ठेवायची, आईपुढे की स्वतःपुढे?"

शुक्रवारी दुपारी तिने विचारलं, "एवढेच आहेत ना?" मी डब्याकडे बोट दाखवलं. "ते वाया गेलेले आहेत." तिने डबा टेबलावर उपडा केला.

तिसरा फोटो तिने उचलून धरला. ते गोरं जोडपं डाव्या कडेला ढकललेलं, साहेबाचा अर्धा खांदा आणि कान गायब. मध्यभागी एक पांढरा ओटा. खालून वर चढत गेलेली लांब सावली. चिठ्ठीवर होतं, 'बिघडला. मोलकरणीने काढला.'

"वा रे मोलकरीण!" मी हसलो. "साहेबाचा कानच कापला."

अकाइती हसली नाही. "बाकी सगळे फोटो साहेबाने काढले. यात ते दोघं आहेत. मग ही सावली कोणाची?"

मी चष्मा लावला. सावली बाईची होती आणि तिच्या कमरेशी आणखी एक छोटं डोकं होतं.

या वयात मी तिच्या स्कूटरवर मागे बसून मावशीकडे गेलो, डोळे मिटूनच. मावशीची ऐंशी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिने फोटो नाकाला टेकवला.

"हा आमच्या आईच्या थडग्याचा ओटा. आणि हे दोघं नारळपाणी प्यायला आले होते. तुआइनेच्या हातात कॅमेरा दिला, 'आमचा काढ' म्हणाले."

"मग त्यांना असं कडेला का ढकललं?" मी विचारलं.

"का म्हणजे? मास्तर ना तुम्ही? ते दोघं आईच्या पुढ्यात उभे राहिले होते. आपल्या अंगणात फोटो काढायचा आणि आईलाच झाकायचं? तुआइने म्हणाली, 'सरका जरा, माझ्या आईला जागा द्या.' त्यांना आपली भाषा कुठली कळतेय! मग तिनेच कॅमेरा वळवला."

"मावशी," अकाइतीने सावलीवर बोट टेकवलं, "कडेवर कोण आहे?"

"तूच की. खाली ठेवलं की भोकाड पसरायचीस."

आजीच्या ओट्यावर आईची सावली आणि आईच्या कडेवर ही. आणि हा फोटो मी बिस्किटाच्या डब्यात टाकला होता!

शनिवारच्या विमानाने तोच गेला. टेरे फोनवर कुरकुरला, "दगडावर सावली? लोक हसतील." अकाइतीने फोन ठेवून दिला.

ऑगस्टमध्ये दगडावर रीतीप्रमाणे पांघरलेल्या गोधड्या एकेक करून उतरवल्या. शेवटची अकाइतीने स्वतः शिवलेली होती. ती ओढली तेव्हा कोणी हसलं नाही. मावशीने गोलावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, "तुआइनेच. अशीच उभी राहायची, एका कुल्ल्यावर भार टाकून."

मग सगळ्या कुटुंबाचा फोटो. कॅमेरा मास्तरांकडे, म्हणजे माझ्याकडे. पन्नासएक माणसं दाटीवाटीने उभी राहिली, आणि ऑकलंडचा धिप्पाड टेरे बायकोला घेऊन नेमका दगडापुढे. मी बटणावर बोट ठेवलं.

अकाइती ओट्याच्या कडेला बसली होती. पाय हलत नव्हता.

"सरका जरा," ती म्हणाली. "माझ्या आईला जागा द्या."

टेरे आणि त्याची बायको डावीकडे सरकले. टेरेचा अर्धा खांदा आणि कान चौकटीबाहेर गेला. मला ते दिसत होतं. मी बटण दाबलं.