टापूवरचं गरम जेवण आणि मधलं पाणी

मला पाण्याची भीती वाटते. नळाच्या नव्हे, नर्मदेच्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ही बाई एवढी का घाबरते असं पुढे वाचताना तुम्हाला वाटायला नको.

मी जबलपुरातल्या एका छोट्या संस्थेत आहारतज्ज्ञ आहे. बरगी धरणाचं पाणी पसरलं तेव्हा काही टेकड्यांचे टापू झाले. त्यातल्या एका टापूवर आमची संस्था मुलांसाठी स्वयंपाकघर चालवते. पैसा दिल्लीच्या एका दात्या संस्थेचा. अनुदानाची मुदत संपत आली होती, आणि पुढचं मिळणार की नाही हे पाहणीच्या अहवालावर ठरणार होतं. दरवेळी जाणारी सहकारी नेमकी आजारी पडली आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

"काहून जाऊन राहिली तू?" नवरा म्हणाला. "ग्वारीघाटला शेवटच्या पायरीवर उतरत नाही, अन् तिथं बोटीत बसशीन?"

कोणीतरी जायलाच हवं होतं, म्हणून बसले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. जबलपुरातल्या कांचघरहून सकाळी लवकर निघा, बस बदलून बरगीनगर गाठा. रस्ता चांगला आहे, किनाऱ्याकडचा शेवटचा तुकडा मात्र हाडं मोजून घेतो. बोट ठरवताना परतीचं भाडंही तिथल्या तिथेच बोलून घ्या. टापूवर दुकान नाही, तेव्हा पाणी आणि खाणं सोबत हवं. मी कमानिया गेटजवळून खोव्याची जलेबी बांधून नेली होती. बोट हलली आणि जलेबीवरची वासनाच उडाली. दोन्ही हातांनी फळी धरून मी फक्त नावाड्याच्या पाठीकडे बघत होते. खाली बुडालेली शेतं आहेत, असं त्याने उत्साहाने सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

टापूवर फूलबाई भेटल्या. पन्नाशीच्या, सडसडीत, स्वयंपाक त्याच करतात. कोदोची, म्हणजे कोद्र्याची, खिचडी, शेवग्याचा पाला घातलेली डाळ, उकडलेलं अंडं. मी चव घेतली आणि बोटीची भीती घटकाभर विसरले. टापूवरची मुलं पाहून मन भरलं. मग फूलबाईंनी डाळ झाकली आणि म्हणाल्या, थांबा, अजून उस पार की मुलं यायची आहेत.

उस पार म्हणजे पलीकडचा, त्याहून लहान टापू. तिकडून एक डोंगी, लहानशी होडी, येत होती. मोठं माणूस एकही नाही. थोरल्या मुली वल्हवत होत्या, आणि धाकटी पोरं तळाशी साचणारं पाणी उपसून बाहेर टाकत होती. कशाने, ते जवळ आल्यावर दिसलं. जेवणाच्या थाळ्यांनी. डोंगी किनाऱ्याला लागली, थाळ्या फडक्याने पुसल्या आणि पोरं त्याच थाळ्या घेऊन पंगतीला बसली.

एवढी लहान मुलं पाण्यातून का येतात, असं मी विचारलं.

"दीदी, आप ही लोग तो बोले थे," फूलबाई शांतपणे म्हणाल्या. "खाना यहीं, सामने बैठाकर खिलाना है। घर नहीं देना।"

खरं होतं. ती दात्यांची अट. डबा घरी गेला तर तो घरभर वाटला जातो, मुलाच्या पोटात कमी जातो. कागदावर ती मलाही शहाणपणाची वाटली होती.

दुपारी वारा सुटला. मुलं परत निघाली तेव्हा पाण्यावर लाटा उठत होत्या. ती डोंगी खाली जायची, दिसेनाशी व्हायची, पुन्हा वर यायची. पलीकडे पोरं उतरून पळताना दिसली तेव्हा कुठे मी किनाऱ्यावरून हलले.

आता काय लिहायचं? मुलं अशी पाण्यातून येतात हे कळलं तर दाते जोखीम नको म्हणून सगळंच बंद करतील. असं दुसरीकडे झालेलं मला ठाऊक होतं. दोन्ही टापूंचं जेवण जाईल. आणि न लिहावं, तर उद्या पुन्हा वारा सुटणारच. फूलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी फार विचार केला नाही.

"तो मैं चली जाऊँगी खाना लेके। वहीं बैठाकर खिला दूँगी।"

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांचे हातच धरले. अटही पाळली जाणार, मुलंही घरीच राहणार. निघताना बोटीत बसता बसता, आपलं सहज, विचारलं, तैरना तो आता है ना?

"नहीं दीदी," त्या हसल्या. "बच्चों को आता है।"

बोट सुटली होती. परतीच्या वाटेवर मी पाण्याकडे पाहिलंच नाही.

घरी येऊन अहवाल लिहिला. पलीकडच्या टापूवर स्वयंपाकीण स्वतः जाऊन जेवण वाढेल, असं त्यात लिहिलं. तिला पोहता येत नाही, हे लिहिलं नाही. सदर बाजारातल्या दुकानातून एक लाइफ जॅकेट घेतलं आणि नावाड्याच्या हाती पाठवलं. अनुदान मंजूर झालं. ऑफिसात पेढे वाटले, मीही खाल्ला.

परवा नावाड्याने फोटो पाठवला. डोंगीत फूलबाई बसल्या आहेत, मांडीशी खिचडीचं पातेलं. नारिंगी जॅकेट नवं कोरं, पट्टे घट्ट आवळलेले. ते त्यांनी पातेल्याला बांधलं आहे.