मेन पाडणारी साबेरा

पूर्णगडला माहेरी असताना वीज पडून शेजाऱ्यांचा टीव्ही जळाला, तेव्हापासून साबेराचा विजेवर भरवसा उरला नव्हता. पुढे रत्नागिरीत घराखालच्या गाळ्यात तिनं सायबर कॅफे काढला, तरी सवय तीच. नमाजाला, जेवायला, नुसतं वर चुलीवरचं सालन बघायला जायचं झालं तरी ती विजेचा मेन स्विच पाडून जायची.

"भाभी, कॉम्प्युटर हाय तो, मिक्सर नाय," मशिनं दुरुस्त करणारा संदेश म्हणायचा. "आधी रीतसर बंद करा."

"बंदच करते ना मी."

तिच्याकडे येत त्या बहुतेक नवरे आखातात असलेल्या बायका. त्या सांगायच्या, साबेरा टाइप करायची. सगळ्यांचे पासवर्ड तिला पाठ होते, आणि त्यातला एकही तिच्या तोंडून कधी बाहेर पडला नव्हता. गाळा चालायचा तो त्या विश्वासावर.

२००४ सालच्या एका शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर रडतखडत चालू लागले. क्रिकेटचा स्कोअर बघायला आलेली पोरं कंटाळून गेली. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली तशी साबेरा मेन पाडून वर गेली. दुपारी उघडलं तर सगळं सुरळीत. नेहमी येणारी फिजा आली, शारजाला तिच्या नवऱ्याला मेल गेला.

तेवढ्यात संदेश घामाघूम होऊन आत शिरला. "भाभी, आज कोणाकोणाचे पासवर्ड टाकलेत?"

"आता फिजाचा टाकला. का रे?"

कॉम्प्युटरची कुलपं पक्की आहेत का, हे तपासायला जाणकार जी हत्यारं वापरतात, तीच चोरांनी हाती घेतली होती. सकाळी ते गावातल्या कॅफेंत शिरले आणि टाइप होणारे पासवर्ड टिपू लागले. डिस्कवर फाईल एकही नाही. चोराचा प्रोग्रॅम नुसता मेमरीत बसलेला, म्हणून व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमलाही दिसत नव्हता. शिरायची वाट इंटरनेटवाल्यांनी बाराच्या सुमारास बुजवली, पण आधी आत बसलेला तसाच होता.

"मग तो निघायचा कसा?"

"वीज गेली की मेमरी पुसली जाते..." संदेश थबकला. "भाभी, दुपारी मेन पाडलात?"

"जुम्मा नाय का आज?"

"आणि त्याच्याआधी कोण बसलं होतं?"

"क्रिकेटवाली पोरं. त्यांना कसला पासवर्ड?"

संदेश मटकन खुर्चीत बसला आणि हसत सुटला. साबेरानं ओढणीनं डोळे पुसले.

"आता परत मला शिकवायला येशील?"

"नाय येणार. पण पासवर्ड तेवढे सगळ्यांचे बदला. आणि ते बायकांनी स्वतः टाकायचे."

फिजा तिथंच होती, म्हणून सुरुवात तिच्यापासून झाली. साबेरा पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. फिजाची नुकती रांगायला लागलेली मुलगी, झारा, खुर्चीपाशी खेळत होती.

बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला नाही.

"खाला," पाठीमागून फिजा हळूच म्हणाली, "झेड कुठं असतो गो?"