नीलव्वा अक्काला कोण बसवणार

अक्का गेली ही बातमी मला कुणी सांगितली नाही. सकाळी पोलिसांची गाडी आली, हवालदारांनी मागचं दार उघडलं आणि चादरीतून एक पाऊल बाहेर आलेलं दिसलं. टाच भेगाळलेली, आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढलेलं. ते बोट मी ओळखत होते. खोलीबाहेरच्या पायरीवर आम्ही दोघी चहा प्यायला बसायचो तेव्हा अक्का चपला काढून पाय पसरायची आणि त्या बोटाकडं बघून म्हणायची, "हे आमच्या सासूवानी हाय बघ. दुसऱ्याच्या डोक्यावर बसल्याबिगर चैन न्हाय." ... हवालदार म्हणाले, "मावशी, स्ट्रेचर धरा की." मी धरलं. तोंडावरची चादर बाजूला केली नाही. गरजच नव्हती.

त्याला आता महिना-दीड महिना होऊन गेला.

सोलापुरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला पोस्टमार्टमची खोली आहे, तिथं मी कामाला आहे. माणूस घरात एकटं मेलं, जळालं, बुडालं, गाडीखाली आलं की पोलीस त्याला आमच्याकडं आणतात. कशानं मेलं ते डॉक्टर बघतात. उचलणं, धुणं, डॉक्टरांच्या हाताशी उभं राहणं, शेवटी पुसून, गुंडाळून नातेवाइकांच्या ताब्यात देणं, हे आमचं काम. नवऱ्याचा चादरी विणायचा माग बंद पडला तेव्हा मी ठेकेदाराकडून तिथं झाडायला लागले. आत जायचं नाही, फक्त अंगण आणि व्हरांडा, असं सांगितलं होतं. पण बाईमाणसाचं प्रेत आलं की आत बाई लागते, आणि नीलव्वा अक्का एकटी होती. तिनं एक दिवस दारातून हाक मारली, "ए झाडूवाली, जरा पाय धर हिकडं." मी धरले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. अक्कानं तिच्या डब्यातली कडक भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "पोटाला कळत न्हाय तू कुटं काम करतीस. खा."

मी सांगोल्याकडची. चौथीपर्यंत शाळा झाली, मग घरची मेंढरं राखली. मला आधीपासून बोलायचं भ्या वाटतं. चार माणसांत शब्द घशातच राहतो. अक्काला त्याची मोठी गंमत वाटायची. "पारवती, तुझ्यापरीस आतली पाव्हणी जास्त बोलत्यात की गं," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. आमच्याकडं सगळे बॉडी म्हणतात. अक्का कधी म्हणाली नाही. ती पाव्हणा, पाव्हणी म्हणायची. उन्हात स्ट्रेचर तसंच ठेवून हवालदार फोनवर बोलत उभे राहिले की ती ओरडायची, "साहेब, पाव्हणीला उन्हात ठेवलंय, तुमच्या सासूला असं ठेवाल का?" एक हवालदार वस्ताद होते. ते म्हणायचे, "अक्का, सासूला तर मी मुद्दाम ठेवीन." मग दोघं हसायचे आणि स्ट्रेचर सावलीत यायचं.

अक्का मूळची अक्कलकोटकडच्या मैंदर्गीची. लिंगायत. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागात दोन्ही एकदम. तिचा नवरा दवाखान्यात वॉर्डबॉय होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला घेतलं, आणि पोस्टमार्टमला बाई नाही म्हणून तिकडं पाठवलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून पाठवली ती निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. तिचा दीर घरी यायचा बंद झाला. जाऊ यायची, पण तिच्या घरचं पाणी प्यायची नाही, बाटली बरोबर आणायची. अक्का म्हणायची, "बाटली आणती त्ये बरं हाय. माझा माठ रिकामा व्हत न्हाय." ... असं बोलून ती दुसरीकडं बघायची.

लिंगायतांमध्ये माणूस मेलं की त्याला बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ, जणू पूजेला बसलंय. तसंच खुर्चीत ठेवून, फुलं घालून नेतात आणि मातीतही बसलेलंच ठेवतात. घरी मेलेल्या माणसाला अंग गरम आहे तोवर बसवून घेता येतं. पण आमच्याकडं येणारं माणूस आधी पोलिसांची वाट बघतं, मग पंचनाम्याची, मग डॉक्टरांची. तोवर अंग लाकडासारखं ताठतं. मग घरची माणसं दारात उभी राहून चाचरत विचारतात, बसवता येईल का हो?

अक्का त्यांना बसवून द्यायची. ते तिच्या कामात नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. कोमट पाण्याचा फडका घेऊन ती पायापासून सुरू करायची. आधी घोटा, मग गुडघा, मग कंबर. मला म्हणायची, "जोर लावायचा न्हाय. जोर लावला की हाड मोडतं. नुसतं वजन ठिवायचं, आन् थांबायचं." खरंच ती गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून नुसती थांबायची, आणि तोंडानं हळू म्हणत राहायची, "कुंद्र यव्वा, कुंद्र." बस गं आई, बस. म्हातारा असला तर कुंद्र यप्पा. काही वेळानं हाताखाली काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं आणि पाय दुमडायचा. एकदा सुटलेला सांधा परत आखडत नाही. शिवलेलं पोट धोतराच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचं, म्हणजे वाकवताना टाके ताणत नाहीत. अक्कलकोटकडच्या, दक्षिणेकडच्या गावांत तिला नावानं ओळखत नसत. 'दवाखान्यातली बसवणारी अक्का' म्हणत.

निवृत्तीच्या थोडं आधी एकदा पायरीवर बसलो असताना ती म्हणाली, "पारवती, मला कोण बसवणार गं?" मी कप विसळत होते. ती म्हणाली, "पोरगा पुण्याला, शिवू. त्याच्या सासुरवाडीला म्हाईत न्हाय मी हितं काय करती त्ये. दवाखान्यात हुती, एवढंच सांगितलंय त्यानं. भाऊबंद हात लावायचे न्हाईत. आडवीच टाकतील मला, पोत्यावानी." मी चहा ओतला. शब्द आले नाहीत. अक्का माझ्या तोंडाकडं बघून हसली आणि म्हणाली, "बरं बरं. न्हाय म्हणाली न्हाईस, म्हंजे व्हय."

निवृत्तीनंतरही ती चहाला पायरीवर यायचीच. आणि आता ती अशी आली होती. न्हाणीघरात पडली होती, शेजारणीनं दार वाजवून वाजवून शेवटी तोडायला लावलं. डोक्याला खोक होती म्हणून पोलिसांनी पाठवली. डॉक्टर तरुण आहेत, अक्कासमोरच रुजू झाले होते. ते म्हणाले, "मावशी, आज तुम्ही बाहेर थांबा. मी दुसऱ्या कुणाला बोलावतो." मी मान हलवली, नाही म्हणून. दुसऱ्या कुणाला म्हणजे पुरुषांना. अक्का नेहमी बाईच्या अंगावर चादर ठेवून जेवढं लागेल तेवढंच उघडायची. तसंच मी केलं. डॉक्टरांनी शेवटी हातमोजे काढताना सांगितलं की हृदय आधी थांबलं, पडली नंतर. लागलेलं तिला कळलंसुद्धा नसेल. मी तिचे केस धुतले. केसांतलं रक्त लवकर निघत नाही.

दुपारी शिवानंद, अक्काचा शिवू, पुण्याहून आला. बरोबर मैंदर्गीचा चुलत भाऊ आणि त्यांचे अय्या, म्हणजे त्यांच्यातले विधी करणारे. मी आत पट्ट्या बांधत होते, दाराबाहेरचं सगळं ऐकू येत होतं. चुलतभाऊ म्हणाला, "आता कडक झाली असंल. त्यात पोट शिवलंय. आडवीच नेऊ की." शिवानंद हळू म्हणाला, "चालतं का तसं?" अय्या म्हणाले, "इलाज नसंल तर चालतं. देवाला समजतं." "झालं तर मग," चुलतभाऊ म्हणाला, "ड्रायव्हर खोळंबलाय. तिकडं खड्डासुद्धा लांबच घ्यायला सांगतो." आणि त्यानं फोन काढला.

मी दारात जाऊन उभी राहिले. कुणी बघितलं नाही. आमच्याकडं कुणी बघत नाही, आणि एरवी मला ते बरं वाटतं. त्याचा फोन लागला असता तर तिकडं लांब खड्डा सुरू झाला असता, मग कुणी बदलला नसता. मी म्हणाले, "बसंल ती."

आवाज एवढा बारीक निघाला की अय्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"बसंल की. मी बसवते. फोन करू नगा."

चुलतभाऊ माझ्याकडं बघायला लागला. "तू कोण गं? आमच्यातली हाईस का?"

"न्हाई."

"मग? आमच्या मयताला असं कुणीबी..."

अय्याच मध्ये बोलले, "अरे, सकाळपासनं आत तिनंच हात लावलाय न्हवं? धुतलं तिनं, पुसलं तिनं. आता काय राह्यलंय तुझं?" चुलतभावानं फोन खिशात घातला. मी शिवानंदला म्हणाले, "मागनं पाठ धरायला एक माणूस लागतं." तो चुलतभावाकडं बघायला लागला. चुलतभाऊ गाडीकडं गेला.

शिवानंद त्या खोलीत कधीच आला नव्हता. लहानपणी आईला डबा द्यायला यायचा तो पायरीपर्यंत. आता आत येऊन तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मी त्याला डोक्याच्या बाजूला उभं केलं, खांद्यांखाली हात कसे घालायचे ते दाखवलं आणि फडका कोमट पाण्यात पिळला. अक्काचे घोटे सैल झाले. गुडघा होईना. मी वजन ठेवून थांबले, काही होईना. मला भीती वाटायला लागली की बाहेर सगळ्यांदेखत बोलून बसले आणि आता ही आडवीच जाते. हात घामानं घसरत होते. जोर लावावासा वाटला ... लावला नाही. तोंडातून आपोआप आलं, "कुंद्र यव्वा, कुंद्र." मला कानडी येत नाही. तेवढेच शब्द येतात.

शिवानंदनं चमकून बघितलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुमच्या आईनं. सगळ्यांना असंच म्हणायची."

तो आईच्या कानाशी वाकला आणि कानडीत बोलायला लागला. काय बोलत होता ते मला कळलं नाही. मध्येच थांबायचा, नाक ओढायचा, परत बोलायचा. मी गुडघ्यावरचे हात काढले नाहीत. किती वेळ गेला माहीत नाही, बाहेर ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. मग हाताखाली ते सुटलं. पाय दुमडला. दुसरा लवकर झाला. शिवानंदनं पाठ उचलली आणि अक्का बसली. मान पुढं आली तशी त्यानं ती आपल्या छातीवर टेकवून धरली, आणि मी कपाळाला भस्म लावेपर्यंत तशीच धरून ठेवली.

मला त्यांनी गाडीत घेतलं. मैंदर्गीत माणसं फार नव्हती. जी होती ती जरा लांब उभी होती. जाऊबाई आल्या होत्या, हातात बाटली होती. अक्काला खाली उतरवताना एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "लई नीट बसलीया." एवढंच कुणीतरी बोललं. मला वाटलं होतं, ती नीट बसून गेली की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. तिच्या मांडीपर्यंत माती आली, मग छातीपर्यंत, आणि मी तोंड फिरवलं. येताना गाडीत शिवानंदनं विचारलं, "आई तिथं नक्की काय काय करायची?" सोलापूर येईपर्यंत मी सांगत होते. जन्मात एवढी कधी बोलले नसेन. तो खिडकीबाहेर बघत होता. घरी जाऊन बायकोला सांगणार का, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात दक्षिणेकडच्या एका गावातली म्हातारी आली. विहिरीवर पडली होती. तिचा मुलगा आणि सून दारात उभी होती. मुलानं टोपी काढून हातात धरली आणि विचारलं, "बाई, हितं ती बसवणारी अक्का असती न्हवं? आमच्या मामाला तिनंच बसवलं हुतं. जरा हाक मारता का तिला?"

त्या दारात मी रोज माणसं गेल्याचं ऐकते. कुणी सांगतं, कुणी ओरडतं, कुणी खाली बसतं. आता मला सांगायचं होतं आणि तोंड उघडेना. त्याची बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं नवऱ्याचा हात दाबला.

मी म्हणाले, "या आत. पाठ धरायला एकजण लागंल."

म्हातारीचा डावा गुडघा जरा उंच राहिला. अक्काचा कधी राहत नसे. मुलगा म्हणाला, चालतंय, घरी पण ती तशीच बसायची. ते गेल्यावर मी फरशी धुतली, फडका पिळून वाळत घातला आणि पायरीवर जाऊन बसले. चहावाल्यानं सवयीनं दोन कप ठेवले. त्यालाही कुणी सांगितलेलं नाही.