पायरीवरची रेघ

आमच्या मुरबाडच्या गल्लीत रस्ता नि गटार होनार म्हनून नगरपंचायतीचा एक मानूस फीत घेऊन आला. कानावर पेन्सिल, बोलनं कमी. मी नाव इचारलं नाय. त्यानं माझ्या पायरीवर आतल्या कडेनं चुन्याची रेघ मारली, म्हंजे पायरी जानार. मालक गेल्यावर त्याच पायरीवर भाजी इकून मी पोरं वाढवली.

सकाळी उठून मी पायरीवर शेनाचा सडा घातला, तशी रेघ पुसली. त्यानं परत मारली. तीन दिस हेच. चौथ्या दिवशी म्हनला, "आजी, मुद्दाम पुसता काय?"

"नाय रे बाबा. सडा नाय घातला तर म्हातारी मेली म्हनतील लोकं."

तो हसला नाय. ओला सडा बघून त्यानं बूट काढले, पायरीवर अनवानी उभा राहून पुन्यांदा मापलं. मग म्हनला, "पायरी नाही वाचत, आजी. पण चुना नको, मी खुंटी ठोकतो. तुम्ही सडा घाला."

पायरी गेली. आता गटाराच्या झाकनावर भाजी मांडते, सकाळी तिथंच सडा घालते. पन पायरी तोडायच्या कामावरचा मानूस तिच्यावर बूट काढून कशाला चढला, ते मला अजून उमगलं नाय.