कासारीण मावशीचा हात

बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली, की नेमकी तेव्हाच कासारीण मावशी प्रश्न विचारायची. "काय गं, गणितात किती पडलं?" नाहीतर, "तुजी आजी अजून सुनंला घालूनपाडून बोलती का?" प्रश्न असा अडचणीचा असे, की माणूस उत्तर शोधायच्या नादी लागे आणि तेवढ्यात बांगडी मनगटात जाऊन पडलेली असे. निमगाव केतकीतल्या निम्म्या घरांची गुपितं तिला याच वाटेनं कळली असणार. पण एकीचं दुसरीला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही.

आठवडी बाजारात तिची जागा ठरलेली होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे कासारमामा, मागे बसून दोऱ्यातल्या बांगड्या सोडून देत आणि मावशी समोरच्या बाईचा हात दाबून मऊ करी. "हात सैल सोड बाई. आता त्यो तुजा न्हाय, माजा हाय," हे तिचं नेहमीचं वाक्य. मी जन्माची भित्री. पाल, सुई, ढगांचा गडगडाट, सगळ्याला भ्यायचे. पुढं मी बारामतीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले, त्याला आमच्या घरी अजून हसतात. पण मावशीच्या हातात हात देताना मला कधी धास्ती वाटली नाही. तिचा तळवा कोरडा आणि गार असायचा.

'बांगडी फुटली' असं तिच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. 'वाढली' म्हणायचं. कुणी चुकून बोललीच, तर मावशी तिच्या तोंडावर हात ठेवी. "सवाष्णीनं असं बोलू न्हाय, बाई." तिच्या हातून बांगडी क्वचितच वाढे. वाढलीच, तर तुकडे ती स्वतः वेचून पदरात घेई, कुणाला ओलांडू देत नसे.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी थंडी संपता संपता गावात तापाची साथ आली. डॉक्टर 'व्हायरल' म्हणायचे. घरटी एक-दोन अंथरुणं होती. आठ-दहा दिवसांत माणसं उठून कामाला लागली, मावशीही उठली. पण ती पहिल्यासारखी झाली नाही. दोन माणसांचं जेवायची आणि वाळत चालली होती. पहाटेच्या गारव्यातही पदरानं घाम पुसायची. डोळे मोठे होऊन बाहेर आल्यासारखे दिसायला लागले, आणि लहान पोरं तिच्यापुढं बसायला रडू लागली. तिला कुणाची तरी नजर लागली, असं बायका म्हणाल्या. मीही मान हलवली.

आता ही माझी मान काय लायकीची होती ते सांगते. लॅबमध्ये थायरॉईडचं रक्त यायचं, ते बर्फात घालून पुण्याला पाठवायचं काम माझं होतं. बाटल्यांवर टी-थ्री, टी-फोर मीच लिहायची. हात कापणं, घाम, डोळे मोठे होणं, खाऊनही वाळणं, हे सगळं आम्हाला शिकताना पाठ करायला लावलं होतं. ते पाठांतर बारामतीच्या स्टँडवर ठेवून मी रोज संध्याकाळी एस.टी.नं गावी यायची, असंच म्हणायला हवं.

वैशाखात माझा चुडा भरायला मावशी घरी आली. आईनं पाट मांडला, बायका जमल्या. तिनं माझा हात घेतला आणि मी दचकले. तळवा ओला होता, तापल्यासारखा गरम होता, आणि कापत होता. तिनं प्रश्न विचारला नाही. पहिल्या दोन बांगड्या गेल्या. तिसरी फुटली. चौथी घेतली, तीही फुटली. पाचवीची काच माझ्या मनगटात घुसली आणि हिरव्या चुड्यावर रक्त आलं.

कुणी 'वाढली' म्हणालं नाही. आईचा चेहरा पांढरा पडला होता. मावशी थरथरत्या हातानं तुकडे गोळा करत होती आणि ते पुन्हा पुन्हा निसटत होते. "माजं चुकलं वैनी, माजं चुकलं," एवढंच तिचं चाललं होतं.

"ऱ्हाऊ द्या आता, कासारीणबाई," आई म्हणाली. इंदापूरहून दुसरा कासार बोलावला. मावशी दारातून जाताना माझ्याकडं बघत होती. मी खाली बघितलं. मला तिच्या आजाराची भीती वाटली नाही. मला माझ्या कुंकवाची भीती वाटली.

लग्न होऊन मी इंदापूरला गेले, पण ती भीती माझ्याबरोबर आली. हे मोटरसायकलवरून हायवेनं लोणी देवकरला कंपनीत जायचे. बारामतीची नोकरी करून मी घरी परतले, की यांच्या गाडीचा आवाज येईपर्यंत उंबऱ्यात उभी असे. दहा मिनिटं उशीर झाला, की रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायची. माहेरून कळलं, की मावशीकडं आता कुणी हात देत नाही. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.

श्रावणात कासारमामा तिला घेऊन लॅबमध्ये आले. हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. मी ती वाचली आणि मान वर केली, तर मावशीचा गळा समोर होता. सुजलेला. कुणी अडाणीही ओळखेल असा. तिच्या दंडाला रबर बांधताना माझी बोटं एकमेकांना टेकली, इतका तो बारीक झाला होता.

"सकाळपासून काही खाल्लंय का?" मी विचारलं.

"उपास हाय गं. सोमवार, मंगळवार, शुक्रवार धरलेत. तुज्या लग्नापासनं." मग हळूच म्हणाली, "जावईबापू बरं हायती न्हवं?"

"बरे आहेत."

"माज्या हातानं घात केला पोरी. दिसभर छाती धडधडती. देवाला म्हनते, काय करायचं ती मला कर, त्यास्नी ऱ्हाऊ दे." आणि तिनं माझा हात धरायला आपला हात पुढं केला.

मी माझा मागे घेतला. लॅबमध्ये, पांढरा कोट घालून, मी हात मागे घेतला. तिनंही मग आपला पदराखाली नेला. 'रिपोर्ट पाच-सहा दिवसांनी,' असं मी मामांना सांगितलं. आजार काय ते डॉक्टरांनी सांगायचं, आम्ही नाही, असा लॅबचा नियम होता. त्या दिवशी तो नियम मला फार सोयीचा वाटला.

चौथ्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला. उपासानं खंगलेल्या जिवाला तो झेपला नाही, आणि डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलं होतं. ती गेली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मी आकडे बघितले आणि डॉक्टरांकडं घेऊन गेले. ते म्हणाले, "राखणीचं कुत्रं घरच्यालाच चोर समजून चावावं, तसं शरीर आपल्याच गळ्यातल्या थायरॉईडच्या ग्रंथीवर उलटतं. तो साथीचा ताप निमित्त झाला असेल, नक्की सांगता येत नाही. पण लवकर कळलं असतं, तर गोळ्या होत्या."

तेरावा झाल्यावर कासारमामा रिपोर्ट न्यायला आले. त्यांना वाचता येत नव्हतं. मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी हात आजारानं कापत हुता?"

"होय मामा."

"तिच्या हातनं पाप झालं न्हवतं?"

"नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. "मरणाला न्हाय भ्याली गं ती. तुज्या कुकवापायी भ्याली, शेवटापत्तूर. येवडं कुणी सांगितलं असतं तर सुखानं गेली असती." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पर कोन सांगनार? आपल्या गावात ह्यातलं कुणाला काय ठावंच न्हवतं. व्हय का न्हाय?"

मी मान खाली घातली आणि म्हणाले, "होय मामा."