आपटेकरांचा निरोप समारंभ

दाखला लिहिताना आपटेकर जन्मस्थानाचा रकाना मोठ्याने वाचत. आमच्या पनवेलच्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपलीकडे रांगेत उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाई, "जन्मस्थान, तारा. कर्नाळ्याच्या पुढचं तारा ना?" समोरची मुलगी मान हलवी आणि मग आपटेकर पेन खाली ठेवून तिच्या गावची विहीर, देऊळ, झालंच तर बंद पडलेली भातगिरणी, सगळ्यांची चौकशी करत. एखाद्याने तो रकाना कोरा सोडला की अर्ज परत. "रकाना रिकामा ठेवू नये. आपण नाही भरला तर दुसरा कोणीतरी भरतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सायमन आपटेकर बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. पणजोबांचा आपट्याला तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आपटा पनवेलहून एसटीने तासाच्या आतलं गाव. शनिवारी आपटेकर ऑफिसला येत नसत आणि त्या बदल्यात रविवारच्या परीक्षांची ड्युटी कुरकुर न करता घेत. वीस वर्षांत माझा एकही रविवार परीक्षेत गेला नाही, तो त्यांच्यामुळे. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो ते भलतंच.

त्यांचा भाऊ फार पूर्वी इस्रायलला गेला होता. मग मुलगी आणि जावईही गेले. मुलगी गेली त्या आठवड्यात आपटेकर जरा गप्प होते, तेव्हा वातावरण हलकं करावं म्हणून मी विचारलं, "काय आपटेकर, तुमचा नंबर कधी?" सगळे हसले. आपटेकरही हसले. ऑफिसचा विनोदवीर म्हणून माझी ख्याती होती आणि ती मला भारी प्रिय होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मला विचारावंच लागलं नाही, कॅशियर म्हात्रे दारातूनच ओरडला, "आपटेकर, अजून हितंच हाय तुमी? गेलं नाय?"

मग ते रोजचंच झालं. त्यांनी मोडकी खुर्ची बदलून मागितली की "कशाला आता, जायचंय ना?" ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विमानाच्या खिडकीत त्यांचा फोटो चिकटवला. वर्षाचा ड्युटी चार्ट मी करत असे. सगळ्यांची नावं पेनाने लिहिली, त्यांचं पेन्सिलीने. का, तर खोडायला बरं. आपटेकरांनी चार्ट पाहिला, नोटीस बोर्डासमोर जरा उभे राहिले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

कोणी त्यांना शिवी दिली नाही, कोणी अंगावर गेलं नाही. म्हणूनच आम्हाला ती थट्टा वाटत राहिली. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "हे जरा थांबवा हो. मला घरी गेल्यावरही ऐकू येतं." मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि जेवणाच्या सुट्टीत हेच वाक्य त्यांच्या आवाजात सगळ्यांना करून दाखवलं. ते दारात आले होते, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर ते एक प्लास्टिकची फाईल आणू लागले. त्यात आजोबांचा शाळेचा दाखला, वडिलांचं रेशनकार्ड, आपट्याच्या घराची जुनी पावती. कोणी काही म्हणालं की फाईल उघडून बोट ठेवत, "हे बघा, आपटा. इथे लिहिलंय." यावर तर आम्ही पोट धरून हसलो. हळूहळू जन्मस्थान मोठ्याने वाचणं बंद झालं. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, पण एकच दाखला ते तीन-तीनदा लिहून फाडू लागले. एकदा मला विचारलं, "मी सही केली तर चालेल ना? नंतर कोणी हरकत नाही ना घेणार?"

भाजी बाजारात त्यांच्या पत्नी, एस्तेरबाई, भेटल्या. "भाऊजी, ऑफिसात कोणी यांना बोलतं का हो?" त्या म्हणाल्या. "जेवता जेवता थांबतात आणि मला विचारतात, एस्तेर, आपण इथलेच ना गं? छप्पन्नाव्या वर्षी, लहान मुलाने आईला विचारावं तसं विचारतात. काय सांगू त्यांना?"

मी म्हणालो, "छे हो! थोडी थट्टामस्करी चालते, एवढंच." खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

मग तो मलिद्याचा दिवस आला. त्यांच्यात नवस फेडताना, शुभकार्यात किंवा दूरच्या प्रवासाला निघताना मलिदा करतात, गोड पोहे, ओला नारळ, वेलची, वर फळं. त्या सकाळी आपटेकर मोठा डबा घेऊन आले. कितीतरी महिन्यांनी दाढी गुळगुळीत, शर्ट इस्त्रीचा. "दुपारी सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे," म्हणाले. म्हात्रेने डबा उघडून पाहिला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मलिदा हाय. तिकीट काढलं वाटतं!"

तासाभरात मी सगळं जमवलं. पाहुण्यांसाठी घेतलेल्या शाली ऑफिसच्या कपाटात असतच. नारळ समोरच्या दुकानातून आला. फळ्यावर खडूने लिहिलं, 'श्री. आपटेकर यांचा निरोप समारंभ'. दुपारी ते डबा घेऊन आत आले, तर टाळ्यांचा कडकडाट. मी शाल घातली, नारळ हातात दिला आणि दहा मिनिटं भाषण केलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत गाजलेलं भाषण. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

आपटेकर बोलायला उभे राहिले. "मी खरं म्हणजे सांगायला आलो होतो की..." एवढं म्हणून त्यांनी फळ्याकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "सगळ्यांचा आभारी आहे. मलिदा घ्या." आणि खांद्यावरच्या शालीसकट जागेवर जाऊन संध्याकाळपर्यंत दाखले लिहीत बसले.

ते काय सांगणार होते, हे एस्तेरबाईंनी मला पुढे सांगितलं. मुलीने तिकडे बोलावलं होतं आणि त्यांनी तिला नाही म्हणून कळवलं होतं. नव्या पनवेलात दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. मलिदा त्या घराचा होता.

त्या घरात ते राहायला गेलेच नाहीत. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला, घर विकलं आणि दोघं मुलीकडे गेली. त्यांच्या शेवटच्या दिवशी मी मास्तरांना घाबरून शाळा बुडवणाऱ्या पोरासारखा रजा घेऊन घरी बसलो.

गेल्या वर्षी ते एसटी स्टँडसमोर अचानक दिसले, बरोबर एस्तेरबाई. वाळले होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, दोघांना चहाला नेलं. चहावाल्याने साखर किती एवढंच विचारलं, तर आपटेकर घाईने म्हणाले, "दोनच दिवसांसाठी आलोय. लगेच जाणार आहे." शेजारच्या बाकावरचा माणूस जरा सरकला, तर त्यालाही तेच सांगितलं. त्याने यांच्याकडे नुसतं बघितलं.

ते पैसे द्यायला उठले तेव्हा एस्तेरबाई हळूच म्हणाल्या, "दोन दिवस कसले! तिकडे जीव रमेना, म्हणून कायमचे आलोय. पण भाड्याचं घर बघायला गेलो की घरमालकाला हेच सांगतात आणि बाहेर पडतात. तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

माझे डोळे भरून आले. बाहेर रस्त्यात येताच, रिक्षावाल्यांच्या देखत, मी आपटेकरांचे दोन्ही हात धरले. म्हणालो, "आपटेकर, जाऊ नका. राहा इथेच. तुमचंच गाव आहे हे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं, आणखी कोण कोण हसतंय ते शोधत. कोणीच हसत नव्हतं, तेव्हा ते स्वतःच थोडंसं हसले.

"तुम्ही काही बदलला नाहीत," ते म्हणाले. "चांगली करता हो थट्टा." आणि त्यांनी माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले.

चार दिवसांनी ती दोघं परत मुलीकडे गेली.