मास्तरांचं माप

शिंपीमास्तर जन्मभर लोकांची पोटं टेपनं मोजत आले, पण स्वतःचं फुगू लागलं तेव्हा बायकोच्या हातच्या जेवणावर खापर फोडून मोकळे झाले. एकेक पॅन्ट उसवून तिची कंबर वाढवत राहिले. पुढे जिना चढतानाही धाप लागू लागली, तेव्हा बायकोनं त्यांना ओढतच इस्पितळात नेलं.

डॉक्टर म्हणाले, "हृदयाभोवतीची पिशवी कडक होऊन आवळली गेलीय. हृदयाला नीट फुलता येत नाही, म्हणून अंगात पाणी साठतं. पिशवी काढून टाकू. तिच्यावाचून हृदयाचं काही अडत नाही."

"मग काढा की!" मास्तर उखडले. "असलं फिटिंग मी दिलं असतं तर गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं असतं!"

ऑपरेशन झालं, हळूहळू पाणी उतरलं. एके सकाळी मास्तर न थांबता जिना चढून आले, आणि दारातच त्यांची पॅन्ट घसरून पायांत आली. बायको हसून हसून खाली बसली. मग डोळे पुसत तिनं टेप घेतली, छातीवरच्या व्रणाला जपत त्यांच्याभोवती फिरवली आणि दुकानातल्या त्यांच्याच सुरात विचारलं, "अंगाबरोबर हवं, की सैल?"

"सैलच ठेवा, बाई! आवळून घ्यायची हौस फिटली माझी!"